अब्बा चालत दवाखान्यात गेले, चालत घरी येतील का? वृद्ध रुग्णांची हालचाल मोजणारं ‘एआय’ समजून घेऊ

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी किस्सा असतो. सत्तरी ओलांडलेले अब्बा किंवा नानी न्यूमोनियाने, नाहीतर नुसत्या तापाने ॲडमिट होतात. जाताना रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढतात. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, छातीचा एक्स-रे साफ येतो, डॉक्टर डिस्चार्ज देतात. आणि घरी आणताना मात्र दोघांना काखेत हात घालून उचलावं लागतं. मोहल्ल्यात लोक म्हणतात, “आजाराने पार मोडले हो ते.” खरं तर आजार बरा झालेला असतो. पाय जातात ते कॉटवर पडून पडून.

डॉक्टरांना हे नवीन नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात केनेथ कोविन्स्की आणि सहकाऱ्यांनी या प्रकारावर एक लेख लिहिला, तो आजही आधारासाठी वाचला जातो. ७० वर्षांपुढच्या ज्या व्यक्ती आजारपणामुळे रुग्णालयात दाखल होतात, त्यांच्यातल्या किमान ३० टक्के लोकांना घरी जाताना एखादं तरी नवं परावलंबित्व आलेलं असतं. आंघोळ, कपडे बदलणं, संडासला जाणं, खुर्चीतून उठणं, यातलं एखादं काम आजारी पडण्यापूर्वी त्यांना एकट्याला जमत होतं, आता जमत नाही.

याच नुकसानीवर लवकर बोट ठेवता यावं म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत काही रुग्णालयांत आणि संशोधन केंद्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, वापर करून पाहिला जातोय. रुग्ण किती वेळ पडून आहे, किती वेळा उठला, किती पावलं चालला, कुणाच्या आधाराने चालला, हे यंत्राने ओळखायचं. आपल्याकडच्या दवाखान्यांत हे तंत्र अजून सर्रास दिसत नाही, पण मोबाईल, घड्याळं आणि कॅमेऱ्यांच्या वाटेने ते येणार हे उघड आहे. म्हणून आधीच नीट समजून घेतलेलं बरं.

कॉटवर दहा दिवस

२००७ मध्ये असाच ‘जामा’त एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, धडधाकट अशा मोजक्या स्वयंसेवकांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. तरीही दहा दिवसांत पायांचं सुमारे एक किलो मांस कमी झालं. धडधाकट माणसाचं हे, तर ताप, कमी खाणं आणि रात्रीची अर्धवट झोप यांनी आधीच खंगलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज आपल्याला करता येईल.

मग प्रश्न येतो की रुग्णालयात माणूस प्रत्यक्षात किती वेळ पडून असतो? हे फारसं कुणी मोजलं नव्हतं. २००९ मध्ये अलाबामातल्या सिंथिया ब्राऊन यांच्या गटाने माजी सैनिकांच्या रुग्णालयात ६५ वर्षांपुढच्या ४५ रुग्णांच्या मांडीला आणि घोट्याला छोटे बिनतारी सेन्सर बांधले. यातले सगळे जण दाखल होण्यापूर्वी चालतेफिरते होते. निकाल असा आला की रुग्णालयातला ८३ टक्के वेळ ते आडवे होते. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला जेमतेम ४३ मिनिटं. त्यात संडास-बाथरूमला जाणंही आलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या रुग्णांचा ताप, रक्तदाब, नाडी, लघवी किती झाली, हे सगळं केसपेपरवर दिवसातून अनेकदा लिहिलं जातं. चालण्याचा मात्र रकानाच नसतो, आणि असला तर त्यात एकच शब्द. जे लिहिलं जात नाही ते राऊंडला विचारलंही जात नाही. एआयची खरी गरज इथे निर्माण झाली.

हाताने मोजायच्या जुन्या पद्धती

यंत्र येण्यापूर्वी हालचाल मोजायच्या चांगल्या पद्धती नव्हत्या असं मुळीच नाही. सगळ्यांत सोपी म्हणजे ‘टाइम्ड अप अँड गो’, १९९१ साली मांडलेली. हाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने उठायचं, तीन मीटर म्हणजे साधारण दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळात सेकंद मोजायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची मार्गदर्शिका सांगते. पण ही चाचणी उठू शकणाऱ्यांसाठी. जो कॉटवरून पाय खाली सोडू शकत नाही त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियात ‘डेमी’ नावाची शंभर गुणांची पट्टी बनली, तिच्यात कुशीवर वळणं, पलंगावर उठून बसणं हेही मोजतात.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची आठ पायऱ्यांची पट्टी आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण ती घरच्या माणसालाही लगेच कळते. पहिली पायरी म्हणजे नुसतं पडून राहणं. दुसरी, पलंगावरच कूस बदलणं किंवा हातपाय हलवणं. तिसरी, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं. चौथी, खुर्चीत जाऊन बसणं. पाचवी, एक मिनिटभर उभं राहणं. सहावी म्हणजे दहा पावलं, सातवी २५ फूट, आणि आठवी २५० फूट किंवा त्याहून जास्त चालणं. दिवसभरात रुग्णाने गाठलेली सर्वांत वरची पायरी नर्सने लिहायची.

आता तुम्हीच सांगा, एका सिस्टरकडे जिथे पंधरा-वीस कॉट असतात तिथे हे रोज, प्रत्येकाचं, खरं खरं कोण लिहिणार? शिवाय दुपारी तीन वाजता आजोबा वॉर्डातून एक फेरी मारून आले, तेव्हा सिस्टर दुसऱ्याच रुग्णाची सलाईन लावत असेल तर ती फेरी कागदावर येतच नाही.

यंत्राला कसं कळतं

पहिला मार्ग सेन्सरचा. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आणि स्मार्टवॉचमध्ये एक इवलासा भाग असतो, त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. तो कुठल्या दिशेला कलला आहे आणि किती वेगाने हलतोय याचे आकडे तो सेकंदाला कितीतरी वेळा देतो. मांडी आडवी आणि पोटरी उभी असेल तर माणूस पाय सोडून बसलाय. दोन्ही उभ्या असतील तर उभा आहे. दोन्ही आडव्या असतील तर पडलाय. इतपत हिशोबाला एआय लागतही नाही. पण तो चालतोय की जागेवर पाय हलवतोय, वॉकर घेऊन चालतोय की मोकळा, चाल कालच्यापेक्षा डळमळीत झालीय का, हे ओळखायचं तर आकड्यांच्या ढिगातून नमुना शोधावा लागतो. त्यासाठी संगणकाला आधी हजारो उदाहरणं दाखवतात. ‘हे बघ, हे चालणं. हे बघ, हे उठणं.’ माणसांनी एकेक तुकडा बघून त्याला नाव दिलेलं असतं. त्यातून प्रोग्राम शिकतो आणि न पाहिलेल्या रुग्णाबद्दल अंदाज करतो. अंदाजच, बरं का. एआय जे देतं तो नेहमी एक संभाव्य अंदाज असतो.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. ती तरुणांच्या चालीसाठी बनलेली असतात, हाताच्या झोक्यावर पावलं मोजतात. वॉकर दोन्ही हातांनी धरून, पाय घासत चालणाऱ्या नानीच्या हाताला झोका कुठला? ती वॉर्डभर फिरून आली तरी घड्याळ निम्मी पावलं खाऊन टाकू शकतं. म्हणून संशोधक सेन्सर मांडीला किंवा घोट्याला बांधणं पसंत करतात.

दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. चित्रातल्या माणसाचे खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे कुठे आहेत हे ओळखून त्यांना रेषांनी जोडायचं, म्हणजे काड्यांचा माणूस तयार होतो. गुगलचं असं एक सॉफ्टवेअर शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं आणि ते साध्या मोबाईलवरही चालतं. त्या काड्यांच्या माणसावरून पावलाची लांबी, चालण्याचा वेग, उठायला लागलेले सेकंद काढता येतात.

तिसऱ्या प्रकारात साधा कॅमेरा नसतोच. ‘डेप्थ सेन्सर’ नावाचं उपकरण प्रत्येक वस्तू किती अंतरावर आहे तेवढंच टिपतं. चेहरा नाही, रंग नाही, फक्त एक धूसर आकृती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात भिंतींवर असे सात सेन्सर बसवले आणि २०१९ मध्ये निकाल मांडले. रुग्णाला पलंगातून उठवणं, पलंगावर परत नेणं, खुर्चीत बसवणं, खुर्चीतून उठवणं, या चार क्रिया यंत्राने ओळखायच्या होत्या. घडलेल्या क्रियांपैकी सरासरी ८७ टक्के त्याने पकडल्या. पण त्या वेळी मदतीला किती कर्मचारी होते, हे मोजताना अचूकता ६९ टक्क्यांच्या आसपासच राहिली. कॉटभोवती चार माणसं दाटीने उभी राहिली की यंत्रही गोंधळतं. हा प्रयोग अतिदक्षता विभागातला होता, खास वृद्धांचा नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. पण दिशा कळते.

आपली माणसं या यंत्राला कशी दिसतील?

इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या विषयावरच्या लेखांत ही बाजू फारशी येत नाही.

एआय जी उदाहरणं बघून शिकतं तेवढंच त्याला कळतं. आपली अम्मी कॉटवर कशी बसते? मांडी घालून. तासन्‌तास तशीच बसून तस्बीह फिरवते, लसूण सोलायला दिला तर तोही सोलेल. पण मांडी घातल्यावर मांडी आडवी आणि पोटरीही आडवी. वर सांगितलेल्या हिशोबाने यंत्र म्हणणार, रुग्ण पडून आहे! छातीला दुसरा सेन्सर असेल किंवा शिकवताना मांडी घालून बसलेल्या माणसांची उदाहरणं दिली असतील तरच ही चूक टळेल.

कपड्यांचंही तसंच. गुडघा, घोटा शोधणाऱ्या कॅमेऱ्यासमोर घेरदार सलवार, बुरखा, लुंगी, नऊवारी किंवा अंगावर ओढलेली चादर आली की सांधे झाकले जातात आणि यंत्राला ते कुठे असतील याचा नुसता तर्क करावा लागतो. कापड जितकं सैल, तितकी चूक वाढते.

आणि नमाज. रुग्णालयात थोडी हुशारी आली की आपल्याकडचे बुजुर्ग पहिल्यांदा काय विचारतात? “किबला कुठल्या बाजूला?” कॉटशेजारी जानमाज अंथरून कुणी सजद्यात गेलं, तर पडलेल्या माणसाचा शोध घेणाऱ्या यंत्राला काय दिसेल? उंची झपकन कमी झाली, शरीर जमिनीला लागलं. पडणं ओळखणारे बरेच प्रोग्राम नेमकं हेच शोधतात. ज्या प्रोग्रामने सजदा कधी पाहिलाच नाही तो धोक्याची घंटा वाजवेल. आणि रोज पाच वेळा खोटी घंटा वाजली तर वॉर्डातले लोक ती बंदच करून टाकतील, मग खरोखर कुणी पडलं तर? हा काही फार अवघड प्रश्न नाही. नमाजच्या हालचाली मोबाईलमधल्या सेन्सरने ओळखण्यावर संशोधन झालेलं आहे. फक्त यंत्र बनवणाऱ्याने आपल्यासारखे रुग्ण डोळ्यांपुढे ठेवले पाहिजेत. अशी सिस्टीम विकत घेणाऱ्या रुग्णालयाने कंपनीला विचारायला हवं की, ही कुठल्या देशातल्या, कुठल्या वयाच्या, कसे कपडे घालणाऱ्या रुग्णांवर तपासली आहे?

नमाजबद्दल आणखी एक. उभं राहून जमत नसेल तर बसून पढा, बसूनही जमत नसेल तर कुशीवर झोपून, ही सवलत आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. नीट पाहिलं तर हीसुद्धा एक हालचालीची पट्टीच आहे! आणि ती डॉक्टरांच्या कामाची आहे. रुग्णालयातलं कितीही भारी यंत्र आजच्या दिवसाचं मोजमाप देतं. आजारी पडण्यापूर्वी दोन आठवडे माणूस कसा होता, हे त्याला माहीत नसतं. ते घरच्यांना माहीत असतं. “अब्बा पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत फजरला पायी मशिदीत जात होते, मात्र सहा महिन्यांपासून खुर्चीवर नमाज पढतात,” एवढं एक वाक्य तुम्ही राऊंडच्या डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांना दोन गोष्टी एकदम कळतात. चालणं चांगलं होतं, गुडघे आधीपासून दुखरे आहेत. यंत्राच्या आकड्याला अर्थ येतो तो या वाक्याशेजारी ठेवल्यावर.

जमिनीवरून उठणं हेही तसंच. ‘टाइम्ड अप अँड गो’ खुर्चीतून सुरू होते, हॉपकिन्सच्या पट्टीत जमिनीवर बसून उठण्याला पायरीच नाही. ज्या घरात दस्तरख्वान खाली अंथरतात आणि संडास भारतीय पद्धतीचा आहे, तिथे हीच हालचाल जमणं सगळ्यांत महत्त्वाचं. ती वेगळी विचारून घ्यावी लागते.

कॅमेरा आणि पर्दा

वॉर्डात कॅमेरा म्हटलं की आपल्या घरातल्या बायकांना संकोच वाटणार, आणि तो रास्त आहे. बेडपॅन देताना, कपडे बदलताना, डोक्यावरची ओढणी सरकलेली असताना कुणीतरी टिपतंय ही भावना कुणालाच नको असते, मग धर्म कुठलाही असो. म्हणूनच चेहरा न दाखवणारे डेप्थ सेन्सर किंवा अंगाला लावायचे सेन्सर यांना आमची पसंती. तरी धूसर आकृतीवरूनही अंगकाठी आणि चाल ओळखू येऊ शकते, तेव्हा ‘यात काहीच दिसत नाही’ एवढ्या आश्वासनावर थांबू नये.

आरोग्यातल्या एआयसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याचा रोख साधा आहे, संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी, आणि दिलेली संमती मागे घेता यायला हवी. ॲडमिशनच्या वेळी घाईघाईत दहा कागदांवर सह्या घेतात, त्यात असा एखादा कागद असेल तर थांबून विचारा. चित्रं साठवली जातात का? किती दिवस? कोण बघणार? नको म्हटलं तर उपचारात फरक पडेल का? म्हातारं माणूस शुद्धीवर आणि समजतं असेल तर त्यालाच विचारायचं, मुलाने परस्पर सही करायची नाही.

मोजलं म्हणून कुणी उठत नाही

समजा सगळं जुळून आलं आणि यंत्राने अचूक सांगितलं की सात नंबरच्या कॉटवरचे चाचा कालपासून उठलेले नाहीत. पुढे काय?

अमेरिकेत याचा एक कडू अनुभव आहे. ऑक्टोबर २००८ पासून तिथल्या सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, रुग्णालयात पडून झालेल्या दुखापतीचा जादा खर्च देणं बंद केलं. उद्देश चांगला होता. पण जाणकारांचं निरीक्षण असं की यातून रुग्णालयं पडण्याला इतकी घाबरली की म्हाताऱ्यांना उठूच न देणं त्यांना सुरक्षित वाटू लागलं. रुग्ण उठला की वाजणारे पलंगाचे अलार्म वाढले. या अलार्मची नीट तपासणी एका रुग्णालयाच्या १६ विभागांत झाली, २०१२ मध्ये निकाल आला. अलार्मचा वापर वाढला, पडणं काही कमी झालं नाही.

उलट बाजूचं उदाहरण स्पेनमधल्या पाम्प्लोनाचं. तिथे ७५ वर्षांपुढच्या ३७० रुग्णांवर एक चाचणी झाली, सरासरी वय ८७. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय दिवसातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम आणि चालणं, फक्त पाच ते सात दिवस. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. रोजची कामं स्वतः करण्याच्या शंभर गुणांच्या पट्टीवर नेहमीचे उपचार घेतलेले पाच गुणांनी घसरले, व्यायाम केलेले जवळपास दोन गुणांनी वर गेले. ८७ वर्षांच्या माणसांचं हे, आणि एका आठवड्यात! यात एआय कुठेच नव्हतं. होती ती हात धरून उठवणारी प्रशिक्षित माणसं.

तेव्हा एखादं रुग्णालय असं यंत्र बसवत असेल तर त्याचं स्वागतच आहे. मात्र ‘रुग्ण उठला’ एवढंच सांगून घाबरवणारं यंत्र आणि ‘रुग्ण उठलाच नाही, कुणीतरी जा’ असं सांगणारं यंत्र यांत फार फरक आहे. आम्हाला दुसरं हवं, आणि त्याच्याबरोबर वॉर्डात एक जादा फिजिओथेरपिस्टही. दोन्हींसाठी पैसे नसतील तर आधी फिजिओथेरपिस्ट घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

तोवर घरच्यांनी काय करावं

आपल्याकडे एक गोष्ट आहे जी अमेरिकेतल्या वॉर्डात सहसा नसते. रुग्णाजवळ घरचं कुणीतरी चोवीस तास असतं. बहुतेक वेळा ते माणूस स्टुलावर बसून मोबाईल बघतं आणि प्रेमापोटी रुग्णाला हलू देत नाही. “पडून राहा अब्बा, मी देतो पाणी.” ही माया महागात पडते.

पहिल्याच राऊंडला डॉक्टरांना विचारा, “यांना उठवलं तर चालेल का, आणि कितपत?” हो म्हणाले तर हॉपकिन्सच्या आठ पायऱ्या एका कागदावर उतरवून काढा आणि रोज रात्री त्यापुढे आकडा लिहा. कालचा पाच होता आणि आज तीन झाला, तर तो कागद सकाळी डॉक्टरांपुढे धरा. सलाईन आणि लघवीची नळी खरंच अजून लागते का, तेही विचारा, कारण नळ्यांना बांधलेला माणूस उठत नाही. चष्मा, ऐकण्याचं यंत्र, काठी आणि घट्ट बसणारी चप्पल घरून आणून द्या. फरशीवर मोजे घालून चालवू नका, पाय घसरतो. मुंबईत जे. जे. रुग्णालयाशी जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज केंद्र सरकारच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमातलं विभागीय वृद्धोपचार केंद्र आहे. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतही वृद्धोपचार विभाग असतो, तिथे चालण्याची चाचणी मागून घेता येते.

मोबाईलवर चाल तपासणारी ॲप मिळतात. गंमत म्हणून ठीक, पण त्यांच्या आकड्यावरून औषध किंवा आधाराची काठी बंद करू नका.

उठवताना घाई नको. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं, कारण बराच वेळ पडून असलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उभं राहिल्यावर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चक्कर, छातीत दुखणं, धाप किंवा घाम आला की लगेच परत बसवायचं आणि सिस्टरला हाक मारायची. फ्रॅक्चर असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय उभं करायचं नाही. आणि सगळ्यांत आधी कॉटच्या चाकांचे ब्रेक लागलेत का ते बघायचं.